वेधनयंत्रावरील दोरखंडाच्या रिळाचे तरफ-नियंत्रण : एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना :

भूगर्भातील खनिज तेल, नैसर्गिक वायू, मीठपाणी किंवा गोडे पाणी मिळविण्यासाठी मानवाने जमिनीत पाडलेल्या छिद्रांचा इतिहास बहुधा खोलीचा इतिहास म्हणून लिहिला जातो. कोणती विहीर किती फूट खोल गेली, तेल कोणत्या वर्षी लागले, त्यातून कोणत्या कंपनीचा किंवा राष्ट्राचा उदय झाला, या प्रश्नांना त्यात अग्रस्थान असते. ते स्वाभाविकही आहे. तथापि छिद्र जसजसे खोल होत जाते, तसतशी एक साधी आणि टाळता न येणारी अडचण वाढत जाते. जमिनीत सोडलेली अवजारे दोरखंडाला टांगलेली असतात, दोरखंड रिळावर गुंडाळलेला असतो आणि ते रीळ वेळेवर थांबविता आले नाही, तर अवजारे, विहीर व माणूस ही तिन्ही धोक्यात येतात.

रीळ फिरविण्याचे काम प्रथम माणसाने, मग जनावराने, पुढे वाफेने आणि शेवटी विजेने केले. रीळ थांबविण्याचे काम मात्र दीर्घकाळ एका तरफेवर आणि त्या तरफेवर ठेवलेल्या एका हातावर अवलंबून राहिले. शक्तीच्या इतिहासाइतकाच हा नियंत्रणाचा इतिहास महत्त्वाचा आहे. पण तंत्रज्ञानाच्या इतिहासलेखनात त्याला फारच थोडी जागा मिळालेली दिसते. प्रस्तुत निबंधात या तरफेच्या वाटचालीचा मागोवा घेतला आहे.

अभ्यासाची उद्दिष्टे :

१) दोरखंडी वेधनयंत्रावरील रिळांची रचना व त्यांच्या तरफ-नियंत्रणाचे कार्य समजून घेणे.
२) आघाती वेधनाकडून चक्री वेधनाकडे झालेल्या स्थित्यंतरात या नियंत्रणात कोणते बदल झाले, त्यांचा शोध घेणे.
३) भारतातील तेलसंशोधनाच्या संदर्भात या तंत्राचे स्थान पाहणे.
४) कामगाराचे कौशल्य व त्याची सुरक्षितता या दृष्टीने तरफेच्या बदलत्या अर्थाचे विश्लेषण करणे.

अभ्यासपद्धती व व्याप्ती :

प्रस्तुत अभ्यासासाठी ऐतिहासिक व विश्लेषणात्मक पद्धतीचा अवलंब केला असून तो दुय्यम साधनांवर आधारित आहे. विवेचन मुख्यतः तेलविहिरींच्या वेधनयंत्रांपुरते मर्यादित आहे. खाणीतील उचलयंत्रे, उद्वाहक आणि आगगाडी यांचे उल्लेख तुलनेपुरतेच आले आहेत.

विषय विवेचन :

१. यंत्रपूर्व काळातील दोरखंड आणि रीळ

दोरखंडाला जड छिन्नी बांधून ती वारंवार उचलायची व आपटायची, या रीतीने खडक फोडण्याची पद्धत फार जुनी आहे. तिचा सर्वांत समृद्ध इतिहास चीनमधील सिचुआन प्रांतात आढळतो. अकराव्या शतकाच्या मध्यास तेथे मीठपाण्यासाठी अरुंद तोंडाच्या खोल विहिरी खणल्या जात होत्या. झिगोंग येथील शेनहाई विहिरीचे काम १८२३ मध्ये सुरू होऊन १८३५ मध्ये ती सुमारे १००१ मीटर खोलीपर्यंत पोहोचली. या विहिरींवर बांबूच्या पट्ट्यांपासून वळलेला दोर वापरीत. मीठपाण्याने भरलेला लांब नळा वर काढण्यासाठी उभ्या आसाचा प्रचंड लाकडी ढोल असे आणि तो म्हशींकडून फिरविला जाई. दोर, ढोल आणि ढोलावरील ताबा ही पुढील सर्व वेधनयंत्रांची त्रिसूत्री येथे स्पष्ट दिसते.

अमेरिकेतही आरंभ मिठापासूनच झाला. कनावा नदीच्या खोऱ्यात रफनर बंधूंनी १८०६ ते १८०८ या काळात ५८ फूट खोल विहीर पाडली. त्यासाठी त्यांनी लवचिक दांड्याची युक्ती योजली होती. एक लांब लवचिक ओंडका तिरपा रोवून त्याच्या मोकळ्या टोकाला छिन्नी टांगली जाई. माणसाने ते टोक खाली ओढले की छिन्नी आपटे आणि ओंडक्याच्या लवचिकतेने ती पुन्हा वर येई. या रचनेत छिन्नीचे वजन थोडे आणि विहीर उथळ होती. माणसाच्या अंगाची शक्ती व दोरावरील वजन यांच्यात फारसे अंतर नव्हते, त्यामुळे वजन रोखून धरण्यासाठी स्वतंत्र यंत्रणेची गरज तीव्रतेने भासत नव्हती.

२. वाफेचे आगमन आणि प्रमाणित दोरखंडी वेधनयंत्र

२७ ऑगस्ट १८५९ रोजी पेनसिल्व्हेनियातील टायटसव्हिल येथे एडविन ड्रेक यांच्या विहिरीत ६९.५ फुटांवर तेल लागले. प्रत्यक्ष खोदकाम करणारे विल्यम स्मिथ हे व्यवसायाने लोहार होते आणि मिठाच्या विहिरींवर काम केल्याचा अनुभव त्यांच्या गाठीशी होता. ड्रेक यांच्या विहिरीवर वाफेचे इंजिन होते. त्यामुळे मिठाच्या विहिरींचे कारागिरी ज्ञान आणि वाफेची शक्ती यांचा येथे संयोग झाला, असे म्हणता येईल.

पुढील काही दशकांत या संयोगातून जे वेधनयंत्र स्थिर झाले, त्याला प्रमाणित दोरखंडी वेधनयंत्र म्हणतात. त्याची रचना थोडक्यात अशी होती. इंजिनाने पट्ट्याच्या साहाय्याने एक मोठे लाकडी चाक फिरत राही. त्याला बँडव्हील म्हणत. बँडव्हीलच्या आसावरील भुजा एका आडव्या तुळईला खालीवर हलवी. ही डोलती तुळई खांबावर तोललेली असे आणि तिच्या दुसऱ्या टोकाला दोरखंड व छिन्नी टांगलेली असे. छिद्र खोल होत जाई तसा दोर थोडा थोडा पुढे सोडण्यासाठी तुळईच्या टोकाशी एक लांब स्क्रू बसविलेला असे.

याच बँडव्हीलकडून तीन प्रकारची रिळे चालविली जात. पहिले बुलव्हील. त्यावर वेधनाचा मुख्य दोरखंड गुंडाळला जाई आणि अवजारे विहिरीबाहेर काढण्यासाठी त्याचा उपयोग होई. दुसरे काफव्हील. विहिरीच्या भिंती ढासळू नयेत म्हणून आत बसवायच्या लोखंडी नळ्या त्याच्या साहाय्याने हाताळीत. तिसरे सँडरील. छिन्नीने फोडलेला खडकाचा चुरा आणि पाणी बाहेर काढणारे लांब नळकांडे, म्हणजे बेलर, याच्या दोरावर टांगलेले असे. आरंभी दोर मनिला तागाचे होते. जर्मनीतील हार्झ पर्वताच्या खाणींत विल्हेल्म आल्बर्ट यांनी १८३४ मध्ये लोखंडी तारेचा दोर वापरात आणला होता आणि जॉन रोब्लिंग यांनी १८४१ पासून अमेरिकेत त्याचे उत्पादन सुरू केले. तेलक्षेत्रातही पुढे तारदोराने तागाच्या दोराची जागा घेतली.

या यंत्रावर एका पाळीत साधारणपणे दोनच माणसे असत : ड्रिलर आणि त्याचा मदतनीस टूल ड्रेसर. पाळी बारा तासांची असे. इंजिन मनोऱ्यापासून काही अंतरावर असल्याने त्याची वाफ कमीजास्त करण्यासाठी ड्रिलरच्या हाताशी एक दोरी आणलेली असे. ब्रेकच्या व रिळाच्या तरफाही तेथेच आणलेल्या असत. अशा रीतीने विखुरलेल्या यंत्राचे नियंत्रण मनोऱ्याच्या फळीवर, एका माणसाच्या उभे राहण्याच्या जागेभोवती एकत्र आले. आधुनिक नियंत्रणकक्षाचे हे प्राथमिक रूप होय.

३. सँडरीलची तरफ : एक हालचाल, तीन अर्थ

या तीन रिळांपैकी तरफ-नियंत्रणाच्या दृष्टीने सर्वांत उद्बोधक रचना सँडरीलची होती. सँडरीलला पट्टा नसे. त्याच्या आसाच्या टोकाला एक रुंद घर्षणचाक बसविलेले असे आणि त्याचा आस किंचित पुढेमागे सरकू शके. ही सरकण्याची क्रिया लांब लाकडी तरफेने होत असे. ड्रिलरने तरफ एका बाजूला ओढली की घर्षणचाक फिरत्या बँडव्हीलच्या कडेवर दाबले जाई, रीळ फिरू लागे आणि बेलर वर येई. तरफ विरुद्ध बाजूला ढकलली की तेच घर्षणचाक मागील बाजूस रोवलेल्या लाकडी खांबावर दाबले जाई आणि रीळ थांबे. तरफ मधोमध राहिली तर घर्षणचाक कशालाच टेकत नसे व रीळ मोकळे होई.

उचलणे, मोकळे सोडणे आणि थांबविणे ही तिन्ही कामे एकाच दांड्याच्या सलग हालचालीत सामावलेली होती. रचनेचा साधेपणा वाखाणण्याजोगा होता. भाग थोडे, बहुतेक लाकडाचे आणि रानावनातील सुताराला दुरुस्त करता येण्याजोगे होते. बेलर दिवसातून अनेकदा खालीवर करावा लागे. त्यामुळे क्षणात जोडणारी व क्षणात सोडणारी यंत्रणा आवश्यक होती. दातेरी चाकांऐवजी घर्षणाचा उपयोग केल्याने फिरत्या चाकाला थांबलेले रीळ धक्का न बसता जोडता येई. तरफेवरील दाब वाढवीत नेला की रीळ हळूहळू गती घेई.

परंतु याच साधेपणात एक धोका दडलेला होता. तरफेची मधली अवस्था विश्रांतीची दिसत असली, तरी दोरावर वजन असताना ती पडण्याची अवस्था होती. ड्रिलरचा हात सुटला, पाय घसरला किंवा लक्ष क्षणभर दुसरीकडे गेले, तर यंत्र आपोआप सुरक्षित स्थितीकडे जात नसे. ते वजनाच्या स्वाधीन होई. वजन थांबलेले असण्यासाठी माणसाने सतत काहीतरी करीत राहणे आवश्यक होते. पुढील शतकभराच्या सुधारणांमागील मूळ प्रश्न हाच आहे.

४. पट्टा-ब्रेकचे गणित

बुलव्हीलवर टांगलेली अवजारे बेलरपेक्षा कितीतरी जड असत. ती खाली सोडताना बुलव्हीलला शक्ती देणारा दोर काढून टाकीत व चाकाच्या कडेभोवती गुंडाळलेला लोखंडी पट्टा तरफेने आवळून वेग आवरीत. हाच पट्टा-ब्रेक पुढे चक्री वेधनयंत्रावर आला व अनेक दशके टिकून राहिला. एका माणसाचा हात अनेक टनांचे वजन कसा रोखू शकतो, याचे उत्तर त्याच्या गणितात आहे.

खांबाला वेढे दिलेल्या दोराच्या घर्षणाचा विचार लेओनार्ड ऑयलर यांनी अठराव्या शतकात केला होता. वेढा वाढत जातो तसे दोराच्या दोन टोकांवरील ताणांचे गुणोत्तर घातांकी रीतीने वाढते, हे त्याचे सार. नावाडी खुंट्याला दोराचे दोनतीन वेढे देऊन मोठी होडी रोखतो, त्यामागील तत्त्व हेच. ब्रेकचा पट्टा चाकाभोवती २७० अंश वेढलेला आहे आणि घर्षणगुणक ०.३ आहे, असे मानले तर पट्ट्याच्या घट्ट बाजूवरील ताण सैल बाजूवरील ताणाच्या सुमारे ४.१ पट होतो. तरफेने हाताचा जोर दहापट होत असेल, तर २० किलोग्रॅमच्या जोराने सैल बाजूवर २०० किलोग्रॅम आणि घट्ट बाजूवर सुमारे ८२० किलोग्रॅम ताण निर्माण होतो. या दोहोंतील फरक, म्हणजे सुमारे ६२० किलोग्रॅम, चाकाच्या कडेवर रोधक बल म्हणून उपलब्ध होतो. चाकाचे फिरणेच पट्ट्याला अधिक आवळते, म्हणून अशा ब्रेकला स्वबलवर्धक म्हणता येते.

हेच गणित उलट बाजूनेही वाचावे लागते. पट्ट्यावर पाणी, चिखल किंवा वंगण आले आणि घर्षणगुणक ०.३ वरून ०.१५ वर आला, तर ताणांचे गुणोत्तर ४.१ वरून सुमारे २ वर येते. हाताचा जोर तोच असूनही रोधक बल ६२० ऐवजी सुमारे २०६ किलोग्रॅम, म्हणजे एक तृतीयांश उरते. घर्षण निम्मे झाले असता ब्रेक निम्म्याहूनही अधिक दुबळा होतो. शिवाय स्वबलवर्धनाचा लाभ चाक एका दिशेने फिरत असतानाच मिळतो. उलट दिशेने फिरताना तोच ब्रेक कमकुवत ठरतो. म्हणून पावसाळी हवेत किंवा तेलाने माखलेल्या मनोऱ्यावर ड्रिलरला ब्रेकची प्रकृती दर वेळी नव्याने ओळखावी लागे. हे ज्ञान पुस्तकात नसे. ते त्याच्या हातात असे.

५. चक्री वेधन आणि ड्रॉवर्क्स

१० जानेवारी १९०१ रोजी टेक्सासमधील ब्यूमाँटजवळ स्पिंडलटॉप येथे कॅप्टन अँथनी ल्युकस यांच्या विहिरीतून तेलाचा प्रचंड फवारा उसळला. हॅमिल बंधूंनी ती विहीर चक्री पद्धतीने खोदली होती. या पद्धतीत छिन्नी आपटण्याऐवजी पोकळ नळ्यांच्या माळेच्या टोकाला बसविलेले बिट फिरविले जाते आणि नळ्यांतून सोडलेला पातळ चिखल खडकाचा चुरा वर आणतो. हॉवर्ड ह्यूज यांना १९०९ मध्ये दोन शंकूंच्या फिरत्या बिटाचे एकस्व मिळाले आणि ही पद्धत कठीण खडकातही उपयोगी ठरू लागली.

चक्री पद्धतीत बेलरचे काम चिखलाने केले, तरी रिळाचे महत्त्व कमी झाले नाही. उलट ते वाढले. नळ्यांची संपूर्ण माळ उचलण्यासाठी मनोऱ्याच्या माथ्यावर स्थिर कप्प्या, खाली चालत्या कप्प्या आणि त्यांच्यातून ओवलेला तारदोर अशी रचना आली. दोराचे एक टोक पक्के बांधलेले असते व दुसरे मोठ्या ड्रमवर गुंडाळले जाते. हा ड्रम, त्याची गतिबदल यंत्रणा व ब्रेक यांना मिळून ड्रॉवर्क्स म्हणतात.

येथे वजनाचे प्रमाण पूर्णतः बदलले. ५ इंच व्यासाच्या व फुटाला १९.५ पौंड वजनाच्या नळ्यांची ३००० मीटर लांबीची माळ हवेत सुमारे ८७ टन भरते. कप्प्यांतून दोराचे दहा पदर घेतले, तर घर्षण सोडून ड्रमवरच्या पदरावर याचा दहावा भाग येतो. पण ड्रमवरील दोराचा वेगही हुकाच्या वेगाच्या दहापट होतो. जोडलेल्या तीन नळ्यांचा, सुमारे २७ मीटरांचा एक संच खाली सोडताना अशा माळेतून मुक्त होणारी ऊर्जा सुमारे ५५ लिटर पाणी ० अंशावरून १०० अंश सेल्सिअसपर्यंत तापविण्याइतकी असते. ही सर्व उष्णता ब्रेकच्या कडेवर निर्माण होते. एका फेरीत असे शंभराहून अधिक संच सोडावयाचे असल्याने ब्रेक जळणे, अस्तर झिजणे आणि पकड मंदावणे हे प्रश्न गंभीर झाले.

याशिवाय वेधन चालू असताना ब्रेकचे आणखी एक सूक्ष्म काम असे. बिटावर योग्य तेवढेच वजन राहावे म्हणून ड्रिलर तरफ किंचित सैल करी, ड्रम बोटभर फिरू देई आणि पुन्हा आवळी. विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात दोराच्या ताणावरून वजन दाखविणारे मापक प्रचारात आले. तोपर्यंत हा अंदाज मुख्यतः दोराचा कंप, इंजिनाचा आवाज आणि तरफेचा हाताला जाणवणारा प्रतिसाद यांवरून केला जाई. आघाती वेधनात तर ड्रिलर दोरखंडावर हात ठेवूनच खालची छिन्नी कशी पडते, हे ओळखीत असे. मापक आल्यानंतर हाताच्या जाणिवेची जागा काही अंशी डोळ्याने घेतली.

६. साहाय्यक ब्रेक : उष्णतेचा प्रश्न

वाढत्या उष्णतेवर उपाय म्हणून १९३० च्या दशकापासून साहाय्यक ब्रेक प्रचारात आले. जलब्रेकमध्ये ड्रमच्या आसाला जोडलेले पात्यांचे चाक पाण्यात फिरते. पाण्याच्या घुसळणीत ऊर्जा खर्च होते व तापलेले पाणी बाहेर नेऊन थंड करता येते. विद्युतचुंबकीय ब्रेकमध्ये चुंबकीय क्षेत्रात फिरणाऱ्या धातूत भोवरी प्रवाह निर्माण होऊन गतीला विरोध होतो. दोन्हींत घासणारा भाग नसल्याने झीज फार कमी होते.

तथापि या ब्रेकांची एक मर्यादा समजून घेणे आवश्यक आहे. त्यांचा विरोध गतीवर अवलंबून असतो. ड्रम थांबला की विरोधही संपतो. म्हणजेच ते पडणे हळू करतात, वजन धरून ठेवू शकत नाहीत. अखेरचा थांबा पट्टा-ब्रेकनेच, म्हणजे तरफेनेच द्यावा लागे. ड्रिलरला काही वेळ तरफेपासून दूर व्हायचे असल्यास ती दाबलेल्या स्थितीत साखळीने अडकवून ठेवण्याची पद्धत होती. साखळी हातासारखी सतत दाब देई. पण हाताप्रमाणे बदलत्या परिस्थितीला प्रतिसाद देऊ शकत नसे. तरफेची मूळ अडचण येथेही तशीच राहिली होती.

७. भारतीय संदर्भ

भारतात यांत्रिक तेलवेधनाचा आरंभ आसाममध्ये झाला. १८६७ मध्ये माकुमजवळ ११८ फुटांवर तेल लागले. पुढे दिग्बोई येथील पहिली विहीर १८८९ मध्ये सुरू होऊन १८९० मध्ये ६६२ फुटांवर पूर्ण झाली आणि १९०१ मध्ये तेथील तेलशुद्धीकरण कारखाना सुरू झाला. पेनसिल्व्हेनियात रूढ झालेले आघाती वेधनाचे तंत्र ड्रेक यांच्या विहिरीनंतर अवघ्या काही दशकांत ईशान्य भारताच्या अरण्यात पोहोचले होते, ही बाब तंत्रप्रसाराच्या दृष्टीने लक्षणीय आहे.

स्वातंत्र्योत्तर काळात १९५६ मध्ये तेल व नैसर्गिक वायू आयोगाची स्थापना झाली. १९५८ मध्ये गुजरातमधील खंबात व १९६० मध्ये अंकलेश्वर येथे तेल मिळाले. या काळातील वेधनयंत्रे व प्रशिक्षण यांत सोव्हिएत संघ व रुमानिया यांचे साहाय्य महत्त्वाचे होते. पुढे भारत हेवी इलेक्ट्रिकल्सच्या हैदराबाद कारखान्यात वेधनयंत्रांचे देशी उत्पादन होऊ लागले.

महाराष्ट्राच्या दृष्टीने निर्णायक घटना म्हणजे मुंबईच्या पश्चिमेस सुमारे १६० किलोमीटर अंतरावर समुद्रात फेब्रुवारी १९७४ मध्ये लागलेले तेल. जपानमध्ये बांधलेल्या 'सागर सम्राट' या वेधनमंचावरून ही विहीर खोदली गेली आणि मे १९७६ मध्ये बॉम्बे हाय क्षेत्रातून उत्पादन सुरू झाले. 'सागर सम्राट' आपले पाय समुद्रतळावर रोवून उभा राहणारा मंच होता. त्यामुळे लाटांनी मनोरा खालीवर होत नसे व रिळाच्या नियंत्रणाचे तत्त्व जमिनीवरील यंत्रासारखेच राहू शकले. तरंगत्या जहाजावरून वेधन करताना मात्र लाटांची हालचाल भरून काढणारी स्वतंत्र यंत्रणा लागते. महाराष्ट्राच्या भूमीवरील अलीकडचे उदाहरण कोयना परिसराचे आहे. १९६७ च्या भूकंपानंतरही तेथे भूकंपांची मालिका चालू राहिली. तिच्या अभ्यासासाठी खोदलेले पथदर्शी छिद्र २०१७ मध्ये सुमारे ३ किलोमीटर खोलीपर्यंत पोहोचले.

भारतातील तेलविहिरींवरील सुरक्षिततेचे नियमन खाण अधिनियम, १९५२ च्या चौकटीत होत आले. तेलखाणींसाठीची १९८४ ची विनियमावली आणि तिच्या जागी आलेली २०१७ ची विनियमावली हे त्यातील महत्त्वाचे टप्पे होत. ज्या तरफेची प्रकृती एकेकाळी केवळ ड्रिलरला ठाऊक असे, ते यंत्र आता तपासणीचा आणि नोंदीचा विषय झाले.

८. तरफेच्या अर्थातील परिवर्तन

वजन रोखणाऱ्या यंत्रणेचा विचार उलट दिशेने करता येतो, हे अन्य क्षेत्रांत पूर्वीच सिद्ध झाले होते. इलायशा ओटिस यांनी १८५४ मध्ये न्यूयॉर्क येथील प्रदर्शनात उद्वाहकाचा दोर कापवून दाखविला. दोर ताणलेला असेपर्यंत स्प्रिंग दबलेली राही. दोर तुटताच ती मोकळी होऊन पाळणा जागीच अडकवी. जॉर्ज वेस्टिंगहाउस यांच्या १८७२ च्या स्वयंचलित वायुब्रेकमध्ये नळीतील हवेचा दाब कमी झाला की गाडीचे ब्रेक लागत. दोन्ही ठिकाणी एकच तत्त्व आहे : शक्ती नाहीशी झाली की यंत्राने थांबलेल्या अवस्थेत जावे.

तेलविहिरीच्या ड्रॉवर्क्सवर हे तत्त्व पूर्णपणे रुजण्यास विसाव्या शतकाची अखेरची दशके उजाडली. मधल्या काळात चालत्या कप्प्या माथ्यावरील कप्प्यांवर आदळू नयेत म्हणून ठरावीक उंचीला हवेच्या दाबाने ब्रेक लावणारी योजना आली होती. पण तो एका विशिष्ट अपघातापुरता उपाय होता. पुढे चकती-ब्रेक आले. त्यांतील सुरक्षा-ब्रेकमध्ये स्प्रिंगा चकतीला सदैव आवळून धरतात आणि द्रवदाब दिल्यावरच त्या सैल होतात. दाब गेला, नळी फुटली किंवा वीज खंडित झाली, तरी ब्रेक लागतो. प्रत्यावर्ती विद्युतप्रवाहावर चालणाऱ्या मोटारींच्या ड्रॉवर्क्समध्ये खाली येणाऱ्या वजनाची ऊर्जा मोटार स्वतःच परत घेते आणि यांत्रिक ब्रेक मुख्यतः धरून ठेवण्यासाठी व आणीबाणीसाठी उरतो. ड्रिलरच्या हाती असलेल्या लांब लोखंडी दांड्याच्या जागी खुर्चीच्या हातावरील लहानशी दांडी आली.

या बदलाचा खरा अर्थ दांड्याच्या लांबीत शोधू नये. जुन्या तरफेवरील हात वजनाला थांबवीत होता. नव्या दांडीवरील हात वजनाला हलण्याची परवानगी देतो. पूर्वी हात सुटणे म्हणजे वजन सुटणे होते. आता हात सुटणे म्हणजे वजन थांबणे होय. सँडरीलच्या तरफेची मधली अवस्था पडण्याची होती, तर नव्या दांडीची मधली अवस्था थांबण्याची आहे.

९. कौशल्य आणि जबाबदारी

या परिवर्तनाकडे कौशल्याचा ऱ्हास म्हणून पाहण्याचा मोह होऊ शकतो. दोरावर हात ठेवून शेकडो फूट खालच्या खडकाचा अंदाज घेणारा ड्रिलर आणि पडद्यावरील आकडे पाहणारा ड्रिलर यांच्यात मोठे अंतर आहे, यात शंका नाही. हाताला मिळणारी सूचना कमी झाली, हे या बदलाचे मोल होते. तथापि जुन्या कौशल्याचा गौरव करताना ते कोणत्या परिस्थितीत वापरावे लागे, हेही लक्षात घेतले पाहिजे. बारा तासांच्या पाळीच्या अखेरीस, थंडीत किंवा पावसात, थकलेल्या हाताने तरफ दाबून धरणे हा त्या कौशल्याचाच भाग होता. डोलत्या तुळईचा सांधा निसटल्यास ती ड्रिलरच्या डोक्यावर पडू नये म्हणून तिच्याखाली एक खांब उभा केलेला असे. कामगारांनी त्याला 'हेडेक पोस्ट', म्हणजे डोकेदुखीचा खांब, असे नाव दिले होते. या विनोदी नावामागे धोक्याची नित्य जाणीव होती.

माणसाचे कौशल्य उत्तम असणे वेगळे आणि यंत्राची सुरक्षितता त्या कौशल्यावर क्षणोक्षणी अवलंबून असणे वेगळे. पहिली गोष्ट इष्ट आहे. दुसरी यंत्ररचनेतील उणीव आहे. दीर्घकाळ या दोन गोष्टींची गल्लत झाली आणि यंत्राची उणीव माणसाच्या गुणाने भरून काढली गेली. अपघात झाल्यावर 'हात सुटला' असे म्हणणे सोपे असते. हात सुटताच वजन का पडावे, हा प्रश्न त्यामुळे झाकला जातो.

निष्कर्ष :

१) दोरखंडी वेधनयंत्रावरील सँडरीलची तरफ ही उचलणे, सोडणे व थांबविणे या तिन्ही क्रिया एकत्र आणणारी साधी व कार्यक्षम रचना होती, परंतु तिची मोकळी अवस्था भाराखाली असुरक्षित होती.
२) पट्टा-ब्रेकच्या स्वबलवर्धक गुणामुळे मानवी हाताला मोठे वजन रोखता आले. मात्र घर्षणातील लहान बदलानेही त्याची क्षमता झपाट्याने घटत असल्याने ड्रिलरचा अनुभव हा यंत्राचा अविभाज्य भाग बनला.
३) चक्री वेधनात वजन व उष्णता यांचे प्रमाण वाढल्याने साहाय्यक ब्रेक आले. त्यांनी गती आवरली, परंतु वजन धरून ठेवण्याची जबाबदारी तरफेवरच राहिली.
४) दिग्बोईपासून बॉम्बे हायपर्यंतच्या भारतीय तेलसंशोधनात हे तंत्र परदेशातून आले, कालांतराने त्याचे देशी उत्पादन व वैधानिक नियमन झाले.
५) स्प्रिंगने लागणाऱ्या व दाबाने सुटणाऱ्या ब्रेकमुळे तरफेचा अर्थ उलटला. थांबविणाऱ्या हाताची जागा परवानगी देणाऱ्या हाताने घेतली.

समारोप :

वेधनयंत्राच्या मनोऱ्याची उंची दुरून दिसते. त्याच्या पायथ्याशी असलेली तरफ दिसत नाही. पण विहीर पूर्ण होणे आणि तिच्यावरची माणसे पाळी संपवून घरी परतणे या दोन्ही गोष्टी तिच्यावर अवलंबून होत्या. वाफ, वीज व संगणक यांनी वेधनाची शक्ती कित्येक पटींनी वाढविली. त्या शक्तीला माणसाच्या हाताच्या मर्यादा ओळखून थांबावयास शिकविण्यास मात्र शतकाहून अधिक काळ लागला. तंत्रज्ञानाच्या प्रगतीचे मोजमाप करताना यंत्र किती उचलते, याबरोबरच माणूस थकला असता ते कसे वागते, हेही पाहिले पाहिजे.